जुहू ते बेल्लारी, आपल्या डोक्यावरून: वही, होकायंत्र आणि घड्याळावर विमान कसं न्यायचं

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तेच टपाल पुढं नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले हे कमी जणांना माहीत असतं, आणि नकाशावर जुहू ते बेल्लारी सरळ रेघ मारली तर ती आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यावरून जाते हे मला तर पट्टी ठेवून बघेपर्यंत माहीत नव्हतं. ती रेघ बघितल्यापासून मला हा नाद लागलाय. विमानात रेडिओ नाही, खालून वाट सांगणारं कोणी नाही, समोर चार-पाच काट्यांची घड्याळं, मांडीवर नकाशा, आणि तरी माणसं बरोबर उतरत होती. हे ते कसं करत होते ते आपल्याला घरबसल्या शिकता येतं, खरंच येतं, मी पुतणीला बसवून शिकवलंय आणि ती आठवीत आहे.

सामान फार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:१०,००,००० स्केलच्या नकाशांपैकी ४७ आणि ५७ नंबर मिळाले तर उत्तम, नाहीतर शाळेचा चांगला ॲटलास चालेल. मोठी पट्टी, कोनमापक, वर्तुळ काढायचा कंपास, ग्राफ पेपर, काटेवालं साधं होकायंत्र, मनगटी घड्याळ आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढं कळेल.

आधी रेघ मारा. या स्केलवर १ सेंटीमीटर म्हणजे १० किलोमीटर, आणि जुहू ते बेल्लारी साधारण ६१.५ सेंटीमीटर भरतं, म्हणजे ६१५ किलोमीटरच्या आसपास. मग कोनमापक ठेवा, उत्तरेपासून उजवीकडं मोजत या, कोन जवळजवळ बरोबर १३५ अंश येतो म्हणजे नेमकी आग्नेय दिशा, एवढा गोल आकडा सरावाला दुसरीकडं शोधून सापडायचा नाही. आता रेघेवर बोट फिरवत जा आणि खाली काय काय दिसेल ते लिहून काढा. सिंहगड डाव्या हाताला, तोरणा आणि राजगड उजव्या हाताला अगदी जवळून, मग भोर, मग वाई उजवीकडं दहाएक किलोमीटरवर, वाठार स्टेशनच्या आसपास रेल्वे आडवी येते, औंध आणि वडूजच्या मधून रेघ जाते, मायणीचा तलाव जवळजवळ रेघेवरच, मग विटा उजवीकडं ठेवून कवठेमहांकाळ आणि जत यांच्या मधून कर्नाटकात, आणि अलमट्टीच्या अलीकडं कृष्णा. तोरणा १४०० मीटरचा आहे तेव्हा २००० मीटरच्या खाली यायचं नाही हेही तिथंच लिहून ठेवा. त्या काळचे वैमानिक निघायच्या आधी हेच करायचे आणि रेल्वेला फार मान द्यायचे, कारण नदी उन्हाळ्यात आटते, रस्ता झाडीत लपतो, रूळ मात्र वरून रेघ मारल्यासारखे दिसतात.

आता वेग. पस मॉथचा प्रवासाचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास धरा, म्हणजे ६१५ किलोमीटरला ३ तास ५० मिनिटं. पण हा वेग हवेतला आहे, जमिनीवरचा नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. विमानातला वेगाचा काटा पिटो ट्यूबवर चालतो, पंखाच्या पुढं एक नळी असते, तिच्यात समोरची हवा घुसून दाब वाढतो आणि तो दाब काटा वेग म्हणून दाखवतो. त्या काट्याला आजूबाजूची हवाच कळते, खालची जमीन कळत नाही. पुराच्या कृष्णेत होडी सरळ वल्हवली तरी ती पलीकडं खाली कुठंतरी लागते की नाही, तसंच. होडीवाला वरच्या अंगाला तोंड करून वल्हवतो, वैमानिकानंही तेच करायचं, फक्त किती अंशानं ते मोजून करायचं.

ते मोजायचं असं. समजा वारा ईशान्येकडून ताशी ३० किलोमीटरनं येतोय. ग्राफ पेपरवर १३५ अंशाची लांब रेघ मारा, ही आपली हवी ती वाट. सुरुवातीच्या बिंदूपासून वारा जिकडं ढकलतोय तिकडं, म्हणजे नैर्ऋत्येला, ३० एककांची रेघ काढा. त्या रेघेच्या टोकावर कंपासचं टोक ठेवून १६० एककांची कमान मारा आणि ती वाटेच्या रेघेला जिथं कापेल तिथं जोडा. ही जोडलेली रेघ म्हणजे विमानाचं नाक कुठं ठेवायचं ती दिशा, मोजली तर १२४ अंश येते. आणि सुरुवातीपासून कापलेल्या बिंदूपर्यंतची लांबी म्हणजे जमिनीवरचा वेग, ताशी १५७. म्हणजे जायचंय १३५ ला पण नाक ठेवायचं १२४ ला, डावीकडं ११ अंश, आणि वेळ लागणार ३ तास ५५ मिनिटं. पाच-सहा वेळा काढलं की हात बसतो. पहिल्यांदा सगळे वाऱ्याची रेघ उलटी काढतात कारण वारा 'ईशान्येचा' म्हटलं की हात ईशान्येला जातो, पण वारा जिकडून येतो त्याचं नाव लावायची पद्धत आहे आणि रेघ जिकडं जातो तिकडची काढायची.

वारा विसरला तर काय होतं ते मी मुद्दाम मोजून बघितलं आणि थरारून गेलो. नाक १३५ ला ठेवून सरळ निघालात तर दीड तासानं मायणीचा तलाव यायला पाहिजे, तर त्याऐवजी खाली दोन नद्या समोरासमोर येऊन मिळताना आणि मिळून काटकोनात वळताना दिसतील. तो कराडचा प्रीतिसंगम. आणि तसंच पुढं गेलात तर बेल्लारीची वेळ होईल तेव्हा तुम्ही दावणगेरे आणि चित्रदुर्गाच्या मधे कुठंतरी असाल, शंभर किलोमीटरच्या वर चुकून.

पण कराड ओळखू आलं तर घाबरायचं कारण नाही, उलट ही सोन्यासारखी माहिती आहे. इथं साठात एकचा नियम लावायचा, जो त्या काळापासून आजपर्यंत वैमानिक तोंडपाठ करतात: ६० किलोमीटर गेल्यावर १ किलोमीटर बाजूला सरकलात तर चूक १ अंशाची. नकाशावर मोजा, कराड आपल्या रेघेपासून ४१ किलोमीटर उजवीकडं आहे आणि जुहूपासून रेघेवरून अंतर झालं २४३ किलोमीटर. ४१ गुणिले ६० भागिले २४३, उत्तर १०. म्हणजे वारा आपल्याला १० अंश ढकलतोय. डावीकडं १० अंश वळलं की आपण रेघेला समांतर चालू लागू, पण ४१ किलोमीटर बाजूलाच राहू. उरलं अंतर ३७२, पुन्हा ४१ गुणिले ६० भागिले ३७२, साडेसहा. म्हणजे एकूण १७ अंश डावीकडं घ्यायचं, नाक ११८ ला, आणि सरळ बेल्लारी. त्रिकोणमिती नाही, टेबल नाही, तोंडी होणारं गणित, आणि पुतणीनं हे दुसऱ्या प्रयत्नात बरोबर काढलं तेव्हा मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही.

होकायंत्राबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गडबड इथं होते. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यात फरक असतो. आपल्या भागात तो एक अंशाच्या आत आहे, म्हणून आपल्याला सवय नाही, पण न्यूयॉर्कला आज तो साधारण १३ अंश आहे, आणि चार्ल्स लिंडबर्ग मे १९२७ मध्ये तिथून एकटे पॅरिसला निघाले तेव्हा अटलांटिकवर हा फरक वाटभर बदलत होता. त्यात गोल पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो, म्हणून त्यांनी वाटेचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि साधारण तासाला एकदा दिशा थोडी थोडी बदलत गेले. साडेतेहतीस तास, पुढची खिडकी नाही कारण तिथं पेट्रोलची टाकी, होकायंत्र डोक्यावर बसवलेलं आणि ते एका छोट्या आरशातून वाचायचं. रेडिओ नाही, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट नाही. आणि आयर्लंडचा किनारा लागला तो ठरल्या जागेपासून काही मैलांतच.

दुसरी चूक विमानाच्या लोखंडाची. इंजिन, वायरी, बाजूची अवजारं, सगळं सुईला ओढतं, आणि प्रत्येक दिशेला वेगळं ओढतं. म्हणून विमान जमिनीवर एकेका दिशेला वळवून होकायंत्र किती चुकतंय त्याचा तक्ता बनवतात आणि तो काट्याशेजारी लावतात. हे तुम्ही गाडीत करून बघा. मोकळ्या माळावर, खांब-तारांपासून लांब, आधी गाडीच्या बाहेर वीसएक पावलं जाऊन लांबच्या एखाद्या टेकडीची दिशा वाचा, मग गाडीचं तोंड त्याच टेकडीकडं करून आत बसून वाचा, मग दुसरी टेकडी, असं आठ दिशांना. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन-तीन अंशांची अपेक्षा होती आणि फरक आला वीस अंशांचा, अर्धा तास डोकं धरून बसलो, शेवटी लक्षात आलं की डॅशबोर्डवरचा मोबाईल होल्डर चुंबकाचा आहे. तो काढला आणि तक्ता सरळ आला. वीस अंश म्हणजे ६० किलोमीटरला वीसेक किलोमीटर चूक, एवढ्याशा चकतीमुळं. तेव्हापासून होकायंत्राजवळ काय ठेवलंय हे मी आधी बघतो. आणि उघड्या काळ्या खडकावर होकायंत्र टेकवू नका, आपल्या कातळात लोहचुंबकी खनिज असतं, हातात उंच धरून वाचा. वळण घेताना, वेग वाढवताना किंवा कमी करतानाही सुई खोटं बोलते, तेव्हा वाचायचं ते सरळ एकसारखं चालताना.

उंचीचा काटा म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारा डबा, फक्त चकतीवर दाबाऐवजी उंची लिहिलेली. बऱ्याच मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तो दाखवणारं ॲप घ्या आणि साताऱ्यातून अजिंक्यताऱ्यावर चढा. गावापासून वर अडीच-तीनशे मीटर, दाब तीसच्या आसपास हेक्टोपास्कलनं कमी दिसेल, म्हणजे १ हेक्टोपास्कलला साधारण ९ मीटर. आता हेच दुसऱ्या दिवशी करा, गावातला सकाळचा आकडाच बदललेला असेल. म्हणजे तुम्ही जागेवरून हललाही नाही आणि काट्याच्या मते तुमची उंची बदलली. कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलेल्या वैमानिकाला काटा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, आणि समोर ढगात डोंगर असेल तर ते जीवावर बेततं. म्हणून निघायच्या जागेची खरी उंची माहीत करून काटा तिच्यावर लावायचा आणि वाटेत जिथं उंची माहीत आहे तिथं मनातल्या मनात ताडून बघायचा.

ढगात शिरल्यावरचं एक सांगतो. ऑफिसची फिरती खुर्ची घ्या, डोळे घट्ट मिटून बसा, कोणाला तरी हळूहळू एकसारखं फिरवायला सांगा आणि वीस-तीस सेकंदांनी हळूच थांबवायला सांगा. तुम्हाला छातीठोक वाटेल की खुर्ची आता उलटी फिरतेय. ढगात नेमकं हेच होतं, शरीर सांगतं सरळ आहे आणि विमान गिरक्या घेत खाली चाललेलं असतं. म्हणून टर्न अँड बँक नावाचं यंत्र, आत जायरो म्हणजे जोरात फिरणारं चाक, वळतोय का ते काटा सांगतो आणि खालच्या वाकड्या नळीतली गोळी सांगते की विमान घसरतंय का. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटल यांनी अमेरिकेत झाकलेल्या कॉकपिटमधून बाहेर अजिबात न बघता विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं, फक्त काट्यांवर, पुढं सुरक्षेसाठी एक वैमानिक बसला होता पण त्याला हात लावावा लागला नाही. त्यांच्याकडं विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो ही नवी यंत्रं होती. लिंडबर्ग यांच्याकडं ती नव्हती.

आता सूर्य. समुद्रावर खाली ना तोरणा ना प्रीतिसंगम, तिथं आकाशच बघायचं. २१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या आसपास भर दुपारी एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करा. साताऱ्यात सावली साधारण ३२ सेंटीमीटर पडेल, सांगलीत ३० च्या आसपास. दोन सेंटीमीटरचा फरक, आणि तेवढ्यात उत्तर-दक्षिण ९० किलोमीटर! सेक्स्टंट हेच काम बारकाईनं करतो. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत हं, आपली वेळ ८२.५ रेखांशाची आणि सातारा ७४ वर, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे ३४ मिनिटं उशीर, त्यात ऋतूप्रमाणे काही मिनिटं इकडं-तिकडं, म्हणून सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघत बसायचं. याचाच उलटा अर्थ असा की घड्याळ १ मिनिट चुकलं तर आपल्या भागात पूर्व-पश्चिम २६ किलोमीटर चुकलात. म्हणून त्या काळात सेकंदापर्यंत लावता येणारी घड्याळं मुद्दाम बनवली गेली.

सूर्याच्या एका वाचनातून जागा मिळत नाही, फक्त एक रेघ मिळते, त्या रेघेवर तुम्ही कुठंतरी आहात एवढंच. २ जुलै १९३७ ला अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे नेव्हिगेटर फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या ले या गावाहून प्रशांत महासागरातल्या हाऊलंड बेटाकडं विमानानं निघाले, चार हजारांवर किलोमीटर पाणी आणि शेवटी जेमतेम दोन किलोमीटर लांबीचं बेट. शेवटच्या संदेशांत त्यांनी सांगितलं की आम्ही १५७-३३७ अंशांच्या रेघेवर आहोत. रेघ होती, रेघेवर बेट कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. ते सापडले नाहीत.

यावर उपाय १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी टास्मान समुद्र ओलांडताना वापरला आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. मुद्दाम चुकायचं. समजा डिसेंबरच्या दाट धुक्यात तुम्ही मिरजेकडून शेताशेतानं कृष्णेकडं चालत आलात आणि सांगलीचा आयर्विन पूल गाठायचाय. पुलावर नेम धरलात तर नदी लागेल पण पूल दिसणार नाही, आणि तो डावीकडं की उजवीकडं ते कळणार नाही. त्याऐवजी मुद्दाम चांगलं एक-दोन किलोमीटर उत्तरेला नेम धरा. नदी लागली की शंका नाही, डावीकडं वळायचं आणि पाण्याच्या धारेबरोबर पूल येईपर्यंत चालायचं. चिचेस्टर सूर्याची रेघ नदीसारखी वापरत होते, बेटाच्या एका बाजूला नेम, रेघ गाठली की ठरलेल्या बाजूला वळण, आणि नॉरफोक बेट असंच सापडलं. चुकीचं माप आपल्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठं घ्यायचं, एवढं एक पाळा.

सराव कसा करायचा, तर सातारा ते कराड. हायवेवर पन्नासेक किलोमीटर, पुढच्या सीटवर बसायचं, गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवायची, मोबाईल पिशवीत, पाट्यांकडं बघायचं नाही, नाहीतर डोळ्यांवर टोपी ओढा. दर पाच मिनिटांनी वहीत तीन गोष्टी: वेळ, काट्यावरचा वेग, होकायंत्राची दिशा तक्त्यानं सुधारून. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, ते दिशेप्रमाणे नकाशावर काढत जा, आणि अर्ध्या तासानं बोट ठेवून सांगा की आपण अमुक ठिकाणी आहोत. मग चालवणाऱ्याला विचारा. माझा पहिला अंदाज अतीत होता आणि गाडी उंब्रजला पोचलेली, कारण मी पाच मिनिटांतला एकच वेग लिहीत होतो, सरासरी नाही. पुढच्या वेळी दर मिनिटाला काटा बघून मनात सरासरी धरली आणि फरक दीड किलोमीटरवर आला. जाताना वारा बघायचीही सवय लावा, ऊस हंगामात गुऱ्हाळाचा धूर कुठं झुकलाय, ढगाची सावली शेतांवरून कुठं सरकतेय, लिंडबर्ग आणि इतर हेच लाटांच्या फेसावरून बघायचे.

वही महत्त्वाची का ते आता कळलं असेल. अंदाज चुकला की वहीत मागं जाऊन कुठल्या ओळीत चुकलो ते सापडतं, डोक्यात ठेवलेलं सापडत नाही. लिंडबर्ग तर पेट्रोलच्या टाक्यांचा हिशोबसुद्धा तासातासाला पेन्सिलीनं समोरच्या फळीवर रेघा ओढून ठेवत होते, झोपेनं डोळे मिटत असताना. उशिरा लिहिलेली ओळ आठवणीतून लिहायची नाही, चुकली तर रिकामी सोडा.

एवढं जमलं की शेवटचा पेपर सोडवा: तोच वारा, ईशान्येकडून ३० चा, आता बेल्लारीहून जुहूला परत या. वाट ३१५ अंश. बरेच जण जातानाचा १२४ उलटा करून ३०४ लिहितात. ग्राफ पेपर घ्या आणि त्रिकोण नव्यानं काढा, आता वारा उजवीकडून आहे, नाक उजवीकडं ठेवायचं, उत्तर ३२६ येतं. ३०४ धरून चार तास उडालात तर जुहू दिसायची वेळ होईल तेव्हा तुम्ही दाभोळच्या पश्चिमेला दोनेकशे किलोमीटर भर समुद्रावर असाल.